आईला वाचवणाऱ्या शेजाऱ्यांचं देणं कसं फेडावं?

ऐरोलीचा_मुरबाडकर
१४ जुलै, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचतो. आज अडलोय म्हणून लिहितोय.

मी ऐरोलीला राहतो, नोकरी महापेला. आई गावी एकटी असते. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी आहे, पंचवीसेक घरांची. वडील जाऊन सहा वर्षं झाली. आईला कितीदा इकडे आणलं, पण आठवड्याच्या वर ती टिकत नाही. "तुमच्याकडं दारं लावून बसतात," म्हणते आणि पिशवी भरायला घेते.

२ जुलैच्या रात्री आई नेहमीसारखी खाली गोधडी टाकून झोपली होती. तीनच्या सुमारास पोटात दुखायला लागलं. संध्याकाळचं काहीतरी बाधलं असेल म्हणून ओवा चावून पडून राहिली. मग जीभ जड व्हायला लागली तशी उठली आणि मधल्या भिंतीवर वरवंटा आपटला. आमची आणि शेजारच्या काकांची भिंत एकच आहे. काकू धावत आल्या, मागोमाग त्यांची सून. ही सून आमच्या वाडीची आशाताई. तिने बॅटरी आईच्या तोंडावर धरली आणि म्हणाली, "काकी, डोळं नीट उघडा बरं." पापण्या उघडेनात. अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. तरी ती सासूला म्हणाली, "हे पोटाचं नाय. मण्यार चावलीय."

१०८ ला फोन लागला, पण ओढ्याच्या मोरीवरून पाणी चाललं होतं. गाडी पलीकडेच थांबणार. काकांनी स्वतःची बाज काढली, चार पोरांनी आईला त्यावर घातलं आणि पावसातून दीड किलोमीटर नेलं. ओढ्यात मांडीभर पाणी होतं. सून पूर्ण वाटेत आईला कुशीवर धरून होती, तोंडातली लाळ पदराने पुसत होती. मला फोन आला तो साडेचारला. मी दवाखान्यात पोचेपर्यंत आईला लस सुरू झाली होती. पुढे ठाण्याला हलवलं, दोन दिवस श्वासाचं यंत्र लागलं. नऊ दिवसांनी आई चालत घरी गेली.

हे सगळं ऐन आवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत. काकांचं रोप तयार होतं. त्यांचा मुलगा तीन दिवस माझ्यासोबत ठाण्यात दवाखान्याच्या जिन्यात झोपला. त्यांची आवणी तेवढी मागे पडली.

म्हणून आईला पोचवायला गेलो तेव्हा मी दहा हजार रुपये पाकिटात घालून काकांच्या हातात दिले. काका काहीच बोलले नाहीत, पाकीट फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी आईसाठी पेजेचा डबा पाठवला. डब्याखाली ते पाकीट होतं, भिजू नये म्हणून दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यानंतर दोन दिवस काकू आमच्या ओटीवर आल्याच नाहीत. डबा नातीच्या हाती येत राहिला.

माझं काय चुकलं ते कळतंय, पण अर्धवटच. पैसे द्यायचे नाहीत तर काय करायचं? काहीच न करता बसणं मला जमत नाही.

खारीगावची_वैशाली
१४ जुलै, रात्री १०.४१

आई वाचल्या, हे आधी. वाचताना अंगावर काटा आला. त्या सुनेला माझा नमस्कार सांगा.

नौपाड्याचे_नाना
१४ जुलै, रात्री ११.१५

पाकीट दुधाच्या पिशवीत गुंडाळून परत आलं, यातच त्यांचं उत्तर आहे हो. रागावलेला माणूस पाकीट तोंडावर फेकतो. त्यांनी तुमचे पैसे जपून परत केले. माणूस तुटलेला नाही, फक्त दुखावलाय.

आमचं मूळ गाव शहापुराकडे. लहानपणी आईचा एक नियम होता: शेजारून आलेलं भांडं रिकामं परत जायचं नाही. घरात काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालायची, तीही नसेल तर परसातली चार मिरच्यांची रोपं. पावसाच्या तोंडावर शेवळं ही रानभाजी आली की पहिली जुडी शेजारी, सोबत काकडं ही आंबट फळं, नाहीतर घसा खाजून जीव जायचा. वालाच्या शेंगा आल्या की वानवळा. कोणी किती दिलं हे कोणी मोजलेलं मला आठवत नाही, पण कोणी दिलं नाही हे मात्र गावभर माहीत असायचं.

तुम्ही पाकीट दिलंत म्हणजे हिशोब मिटवलात. त्यांना तो मिटवायचा नव्हता. चालू ठेवायचा होता.

हिशेबनीस
१५ जुलै, सकाळी ८.०५

नानांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

मी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, भिवंडी तालुक्यातला. आवणीच्या दिवसांत आमच्याकडे ४०० ते ५०० रुपये रोज आणि वर दुपारचं जेवण द्यावं लागतं, तरी माणूस मिळत नाही. रोप वेळेत लागलं नाही तर वाढून बसतं, फुटवे कमी येतात, उतारा पडतो. काकांचं झालेलं नुकसान खरं आहे. "आपुलकीचा मोबदला नसतो" हे म्हणायला शहरात बसलेल्यांना सोपं जातं. आणि ती आशाताई? आशांना पूर्ण पगार नसतो, थोडं मानधन आणि बाकी कामागणिक मोबदला. रात्री तीन वाजता बाजेसोबत ओढा ओलांडण्याचा मोबदला कुठल्या तक्त्यात आहे?

पैसे द्यायला हवेत. द्यायची पद्धत चुकली, एवढंच. पाकिटातून बक्षीस देतात. मजुरी वेगळी द्यायची असते.

दिवाळेकरीण
१५ जुलै, सकाळी ९.३०

हिशेबनीस दादा, तुमचं म्हणणं पटतं पण अर्धं.

आमचं दिवाळे गाव. चहूबाजूंनी बेलापूर उभं राहिलं तरी आमचा कोळीवाडा तिथेच आहे. होडी लागली की वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसाचा वाटा. यात आजारी पडलेल्याच्या घरी टोपलीभर मासळी जाते, तिला वाटा म्हणत नाहीत. ती अशीच जाते. माझे वडील पायाला लागून चार महिने घरी होते, आमच्या चुलीवर एक दिवस कालवणाविना गेला नाही. कोणी दिलं विचारलं की आजी म्हणायची, "खारीनं दिलं." खारी म्हणजे खाडी.

वडील बरे झाल्यावर त्यांनी कोणाला पैसे दिले नाहीत. पण कोणाच्याही होडीला डांबर लावायचं असलं की ते सगळ्यांत आधी हजर. मरेपर्यंत.

तुमच्या काकांचं काय अडतंय ते बघा आधी. पैसे सोडून.

कोपरखैरणे_सेक्टर_१९
१५ जुलै, सकाळी १०.१२

आमच्या मजल्यावर चार घरं आहेत, आठ वर्षांत एकदाही एकमेकांकडे जेवलो नाही. तुमची मधली भिंत वाचून पोटात कालवलं. आमच्या भिंतीवर कोणी रात्री तीनला काही आपटलं तर मी सोसायटीच्या गटावर तक्रार लिहिली असती. आज संध्याकाळी शेजारची बेल वाजवणार आहे.

कळव्याची_सिस्टर
१५ जुलै, दुपारी २.५०

मूळ विषय सोडून लिहिते, पण पावसाळ्याचे दिवस आहेत, हे सगळ्यांनी वाचायला हवं.

त्या आशाताईने जे ओळखलं ते भल्याभल्यांना ओळखता येत नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि बरेचदा चावल्याचं कळतही नाही. खूण दिसेलच असं नाही, सूज नसते. पेशंट सांगतो पोटात दुखतंय. मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, बोलणं जड होतं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार या चौघांच्या विषावर आपल्याकडची लस एकच आहे आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते.

चावल्यावर दोरी आवळू नका, कापू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला चालवू नका, हातपाय हलवू देऊ नका, कुशीवर ठेवा, आणि न्या. तुमच्या शेजाऱ्यांनी नेमकं हेच केलं. घोणस असेल तर काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं हलवायचं नाही, गोठलं नाही तर विष चढलंय; हे काम दवाखान्यात होतं, घरी करायला जाऊ नका.

आणि आईला खाटेवर झोपवा. मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचून. मच्छरदाणी सापालाही अडवते.

ऐरोलीचा_मुरबाडकर
१५ जुलै, दुपारी ३.३५

सिस्टर, मनापासून आभार. खाट कालच घेतली. आई तिच्यावर कपड्यांच्या घड्या ठेवतेय आणि खालीच झोपतेय. आज पुन्हा फोन करतो.

शहापूरची_लेक
१५ जुलै, रात्री ९.१८

मी वाशीत राहते, माहेर शहापूर तालुक्यात. आमच्या तालुक्यात तानसा, मोडकसागर, भातसा. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. आणि माझी आई एप्रिल-मे महिन्यात हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी वाटी वाटीने पाणी काढायची. पाइप गावाच्या उशाशी आणि गाव टँकरच्या वाटेवर.

हे सांगायचं कारण असं. त्या विहिरीवर रांग असायची, पण ज्या घरात बाळंतीण असेल त्या घराचा हंडा पहिला. ठरलेलं होतं, कोणी बोलून दाखवायचं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आमचा हंडा सव्वा महिना पहिला होता. पुढच्या वर्षी शेजारणीचा. आई अजून सांगते, कोणाच्या घरी किती दिवस पहिला हंडा होता ते. तोंडपाठ आहे तिला. म्हणजे नाना, मोजत नाहीत असं नाही. मोजतात. पण पैशात मोजत नाहीत.

नौपाड्याचे_नाना
१५ जुलै, रात्री ९.४०

लेकी, दुरुस्ती मान्य. माझी आईही मोजत असणार, मला कळलं नसेल.

पूर्वेचा_वारा
१६ जुलै, सकाळी ७.५५

सगळे गावाबद्दल गोड लिहीत आहेत, म्हणून एक कडू गोष्ट लिहितो.

माझ्या आत्याच्या घराला गावकीने वाळीत टाकलं होतं. गाव कुठलं ते सांगणार नाही. कारण होतं देवळाच्या वर्गणीवरून झालेलं भांडण. दीड वर्ष. दुकानात माल नाही, चक्कीवर दळण नाही, आत्याचे सासरे गेले तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावची माणसं बोलवावी लागली. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याने २०१६ मध्ये कायदा केला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा दाद कुठे मागायची हेच कोणाला माहीत नव्हतं. जी एकी बाज खांद्यावर घेते, तीच एकी दारं बंद करू शकते, हे विसरू नका.

पण त्या दीड वर्षात रोज पहाटे आत्याच्या मागच्या दाराशी पाण्याची एक कळशी भरलेली असायची. विहिरीवर जायला बंदी होती ना. कोण ठेवायचं ते आत्याला माहीत होतं, पण तिने नाव कधी घेतलं नाही, कारण नाव कळलं असतं तर त्या बाईलाही दंड झाला असता. वाद मिटल्यावरही दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत. आत्या गेल्यावर तेराव्याला ती बाई आली, तिची कळशी घेऊन. मागच्या दाराशी ठेवली आणि निघून गेली.

दिवाळेकरीण
१६ जुलै, सकाळी ८.२०

वाचून पुढचं काही लिहिता येईना. कळशी डोळ्यांसमोरून जात नाही.

हिशेबनीस
१६ जुलै, सकाळी ८.४५

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. गावाचा चांगुलपणा म्हणजे शेवटी एकेका माणसाचा चांगुलपणा. तो माणूस ओळखून त्याचं देणं द्यायला हवं, मी एवढंच म्हणत होतो.

बदलापूर_फास्ट
१६ जुलै, दुपारी १.०५

वाळीत टाकणारी गावं आहेत तशी २७ जुलै २०१९ ची गावंही आहेत. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली होती, उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं होतं. आत हजाराच्या वर प्रवासी. एनडीआरएफ आली, नौदल आलं, ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलं. पण चामटोली आणि आसपासची माणसंही गुडघाभर, कमरेभर पाण्यात उभी होती.

मी त्या दिवशी बदलापुरात होतो. ज्या माणसाच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं होतं तो चहाचं पातेलं घेऊन निघालेला मी पाहिलाय. प्रवासी पुढे कल्याणहून खास गाडीने कोल्हापूरला गेले. त्यांतला कोणी त्या चहावाल्याला शोधत परत आला असेल का? माहीत नाही. त्याची तशी अपेक्षाही नसणार. तुमच्या काकांची मात्र एक अपेक्षा आहे, भाऊ: तुम्ही परक्यासारखं वागू नये.

गावठाणातला_भाडेकरू
१६ जुलै, संध्याकाळी ६.३०

मी मूळचा बीडचा, घणसोली गावात खोली घेऊन राहतो. आमचे मालक आगरी. १९७० साली सिडको आली तेव्हा त्यांच्या आजोबांची भातशेती गेली, आता त्या जागी इमारती आहेत. त्यांनी भाड्यात कधी सूट दिली नाही, हे सांगतो. पण माझ्या बायकोच्या डोहाळजेवणाला इकडे आमचं कोणी नव्हतं, तर मालकीणबाई स्वतः ओटी घेऊन आल्या, गल्लीतल्या बायका जमवल्या. मी भीतभीत खर्च विचारला. म्हणाल्या, "भारं येगलं, लेक येगली."

तेव्हापासून त्यांच्या घरातलं लाइटचं कुठलंही काम मीच करतो. मी वायरमन आहे. त्यांनी बोलवायची वाट बघत नाही, बोर्ड करपलेला दिसला की पेचकस घेऊन जातो. तुम्हाला काय काम येतं?

ऐरोलीचा_मुरबाडकर
१६ जुलै, रात्री ११.५०

"तुम्हाला काय काम येतं" हा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. मी संगणकावर बसतो. काकांच्या घरात संगणक नाही. पण बारावीपर्यंत मी आवणी केलीय.

रात्री आईशी बोललो. पाकिटाचं तिला काकूंनी सांगितलंच होतं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग जे बोलली ते मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. काकांचा हा मुलगा जन्मला तेव्हा काकूंना कावीळ झाली होती, दीड महिना त्या उठल्या नाहीत. माझी धाकटी बहीण तेव्हा चार महिन्यांची. आईने दोघांना पाजलं. एका बाजूला बहीण, एका बाजूला तो. "तुझ्या बहिणीच्या वाटचं पिऊन मोठा झालाय तो. काकूनं तवा मला पैसं दिलं व्हतं काय?"

ज्याने ओढ्यातून बाज नेली, जो दवाखान्याच्या जिन्यात झोपला, तो हा.

शनिवार-रविवार जातोय. सोमवारचीही रजा टाकलीय.

खारीगावची_वैशाली
१६ जुलै, रात्री ११.५८

डोळे भरून आले. जा. नक्की जा.

हिशेबनीस
१७ जुलै, सकाळी ७.३०

सावडीला जाताय, हे उत्तम. आमच्या अख्ख्या पाड्याची आवणी पूर्वी सावडीवरच व्हायची. आज सगळे तुमच्या बांधावर, उद्या शेजाऱ्याच्या. पैसा कुठेच नाही, फक्त जेवण. माझ्या मजुरीच्या मुद्द्याचंच हे जुनं उत्तर आहे आणि ते मला सुचलं नाही. पण सुनेचा प्रश्न मी सोडत नाही. तिच्याशी वेगळं बोला. घरातल्या पुरुषांनी "आपलीच आहे" म्हणायचं आणि बाईच्या कष्टाचा हिशोब तिथेच संपवायचा, असं व्हायला नको.

आणि एक काम करा. नखं कापून जा आणि रात्री पायांना खोबरेल लावा. चिखल्या होतात.

यूपीआय_दादा
१७ जुलै, सकाळी ९.००

तुमच्या मुरबाड तालुक्यातलंच धसई, डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं होतं. म्हटलं, काकांना थेट खात्यावर पाठवले असते तर डब्याखालून परत आले नसते!

शहापूरची_लेक
१७ जुलै, सकाळी ९.१४

दादा, मग काकूंनी पेज पाठवणं बंद केलं असतं.

ऐरोलीचा_मुरबाडकर
२२ जुलै, रात्री ९.४५

आलो. कंबर धरलीय, बोटं सुजलीत, पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

शनिवारी पहाटे पोचलो आणि घरी न जाता थेट काकांच्या शेतावर गेलो. काका औताच्या मागे, चिखलणी चालू. मला बघून थांबले नाहीत. मी पँट गुडघ्यावर दुमडली आणि राबात बसून रोप उपटायला लागलो. आठ-दहा मुठी बांधल्या असतील, काकू आल्या आणि त्यातल्या चार सोडून पुन्हा बांधल्या. म्हणाल्या, "अशा बांधल्या तर लावणाऱ्याच्या हातात सुटतील." आठवड्यानंतर माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

दुपारी बांधावर तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि करटुल्याची भाजी. काका माळकरी, त्यांच्या ताटात नुसतं करटुलं. जेवताना काका म्हणाले, "पाकीट द्यायला तुला कोणी शिकवलं रं? तुझा बाप तर तसा नव्हता." मी म्हटलं, चुकलं काका. ते म्हणाले, "चुकलं तर चुकलं, भाकरी घे आणखी." विषय संपला.

तीन दिवसांत त्यांचे दोन तुकडे लावून झाले. रविवारी दुपारनंतर काकांचा मुलगा आणि मी एकाच ओळीत होतो. त्याला दुधाची गोष्ट माहीत होती, लहानपणापासून. मलाच कोणी सांगितली नव्हती.

आता हिशेबनीस दादांचा मुद्दा. सुनेशी वेगळं बोललो, आईसमोर. म्हटलं, वहिनी, पैसे नाही म्हणालात, ठीक. पण तुम्हाला काय हवंय ते सांगा. तिने लाजत वगैरे काही सांगितलं नाही, वही काढली. वाडीतली सात घरं, जिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलं खाली झोपतात. प्रत्येक घराला किती मच्छरदाण्या लागतील ते तिने आधीच लिहून ठेवलं होतं. एकूण सोळा. शिवाय स्वतःसाठी गमबूट आणि एक चांगली बॅटरी, कारण त्या रात्रीची बॅटरी ओढ्यात पडली. "हे आणा," म्हणाली, "नि मोरीचा अर्ज नीट टाइप करून द्या. आमचा तीनदा परत आलाय."

मोरीचा अर्ज मी रात्रीच लिहिला. पावसाळ्यात किती दिवस रस्ता बंद असतो त्याच्या तारखा तिच्या वहीत होत्या, तीन वर्षांच्या. त्या सगळ्या घातल्या.

कळव्याची_सिस्टर
२२ जुलै, रात्री १०.१०

त्या वहीसाठी तिला कडकडून मिठी. गमबूट माझ्याकडून, माप कळवा. नाही म्हणू नका, ती माझ्या खात्यातली आहे.

हिशेबनीस
२२ जुलै, रात्री १०.२५

मच्छरदाण्या भिवंडीत घाऊक मिळतील, मी चौकशी करतो. पाचांचे पैसे माझे.

पूर्वेचा_वारा
२३ जुलै, सकाळी ६.४०

एक सुचवू? मच्छरदाण्या तुम्ही वाटू नका. आशाताईंच्या हातून जाऊ द्या. आणि सात घरांत एखादं घर असं असेल जिथे वाडी फारशी जात नाही, तर तिथे आधी.

ऐरोलीचा_मुरबाडकर
२३ जुलै, सकाळी ८.००

आहे एक. ओढ्यापलीकडचं कातकऱ्यांचं घर. तिच्या वहीत ते पहिल्या नंबरवरच आहे.

कोपरखैरणे_सेक्टर_१९
२३ जुलै, रात्री ९.२०

मी बेल वाजवली होती हो, सांगायचं राहिलं. शेजारच्या काकू साताऱ्याच्या निघाल्या. काल त्यांनी थालीपीठ पाठवलं. त्यांचं भांडं माझ्या ओट्यावर आहे आणि मी नानांचा प्रतिसाद पुन्हा उघडून वाचतेय.

ऐरोलीचा_मुरबाडकर
१२ नोव्हेंबर, रात्री ८.३०

धागा वर काढतोय. काहींनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं.

मोरीचा अर्ज पुढे सरकलाय, काम अजून नाही. मच्छरदाण्या सोळाच्या सोळा लागल्या. आई खाटेवर झोपते, पण कपड्यांच्या घड्या पायाशी ठेवूनच. आवणी उशिरा झालेल्या तुकड्यात काकांना भात थोडं कमी आलं, बाकी चांगलं. कापणीला दोन शनिवार गेलो. झोडणीच्या दिवशी माझी बहीणही पुण्याहून आली होती, तिला आणि काकांच्या मुलाला एका बांधावर बसलेलं बघून आई बराच वेळ उगाचच पाखडत राहिली.

परवा निघताना काकूंनी नव्या तांदळाचं पातेलं दिलं. पिशवीत नाही, पातेल्यात. जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, कडेला ठोका पडलेलं, तळाला त्यांच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं. ते आता ऐरोलीत माझ्या ओट्यावर आहे. शनिवारी परत न्यायचंय. आत काय घालू?

नौपाड्याचे_नाना
१२ नोव्हेंबर, रात्री ८.४४

वा! पातेलं आलं म्हणजे सगळं जागेवर आलं. काही गोडाधोडाचं न्या, दिवाळी नुकतीच झालीय, पण दुकानातलं नको.

दिवाळेकरीण
१२ नोव्हेंबर, रात्री ८.५०

काका माळकरी ना? त्यांच्यासाठी नाना म्हणतात तसं काहीतरी घरी करा. काकूंसाठी मी देते. शनिवारी पहाटे साडेपाचला दिवाळे जेट्टीवर या, भावाची होडी लागते. जिताडा मिळाला तर जिताडा, नाहीतर चिंबोऱ्या. पातेलं घेऊन या, बर्फ मी आणते. आणि पैशाचं काही काढलंत तर पातेलं रिकामं परत पाठवीन.

ऐरोलीचा_मुरबाडकर
१२ नोव्हेंबर, रात्री ८.५६

साडेपाचला पोचतो, ताई. तांदूळ थोडा काढून ठेवलाय, तुमच्यासाठी आणतो.